विश्लेषण : एआय फोटोचं लेबल फाइलमध्ये नेमकं कुठे असतं? आणि ते वाटेत का गळून पडतं?

एआयने तयार केलेला फोटो 'एआयचा' म्हणून ओळखता यावा, यासाठी केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती केली. १० फेब्रुवारी २०२६ रोजी अधिसूचना निघाली आणि २० फेब्रुवारीपासून नवे नियम लागू झाले. अशा फोटो-व्हिडिओवर ठळक लेबल हवं आणि फाइलच्या आत कायमस्वरूपी मेटाडेटा हवा, असं हे नियम सांगतात.

लेबल डोळ्यांना दिसतं, त्यामुळे चर्चा त्याचीच जास्त झाली. पण नियमाचा खरा भार आहे तो न दिसणाऱ्या मेटाडेटावर. कारण दिसणारी पट्टी कुणीही क्रॉप करू शकतं. आतली नोंद मात्र फाइलसोबत फिरत राहील, अशी अपेक्षा आहे.

प्रत्यक्षात तसं होतं का? याचं उत्तर फाइलच्या आतल्या रचनेत आहे. ही रचना समजली की एक विचित्र गोष्ट लक्षात येते. फोटो कुठे काढला हे सांगणारी नोंद फाइलसोबत पुढे जाऊ शकते. तो एआयने बनवला आहे हे सांगणारी नोंद मात्र गळून पडू शकते, आणि तेही नियमाप्रमाणेच.

नियम नेमका काय सांगतो?

२२ ऑक्टोबर २०२५ रोजी आलेल्या मसुद्यात लेबलने चित्राचा किमान १० टक्के भाग व्यापावा, अशी अट होती. अंतिम नियमांत ही टक्केवारी वगळण्यात आली. मेटाडेटाची अट मात्र राहिली. एआय आशय तयार करण्याची सोय देणाऱ्या सेवेने त्यात कायमस्वरूपी मेटाडेटा किंवा मूळ स्रोत दाखवणारी दुसरी तांत्रिक खूण घालायची आहे. 'तांत्रिकदृष्ट्या शक्य असेल तिथवर' अशी पुस्ती त्याला जोडलेली आहे. हे लेबल किंवा मेटाडेटा काढण्याची, दडपण्याची वा बदलण्याची सोय सेवेने द्यायची नाही, असंही नियम सांगतो.

भारत यात एकटा नाही. चीनमध्ये १ सप्टेंबर २०२५ पासून एआय आशयावर दिसणारं लेबल आणि फाइलच्या मेटाडेटात न दिसणारी खूण, अशी दुहेरी सक्ती आहे.

पण 'फाइलच्या मेटाडेटात' म्हणजे कुठे?

फोटोची फाइल आतून कशी दिसते?

उदाहरण म्हणून पीएनजी घेऊ. अनेक फोनवरचे आणि विंडोज कॉम्प्युटरवरचे स्क्रीनशॉट याच प्रकारच्या फाइलमध्ये साठवले जातात. एआय साधनांतून डाऊनलोड होणारी बरीच चित्रंही पीएनजी असतात.

पीएनजी फाइल म्हणजे नुसता चित्राचा डेटा नव्हे. ती एक वाहून नेणारी पेटी आहे आणि तिच्यात एकामागोमाग एक जोडलेले डबे आहेत. या डब्यांना 'चंक' म्हणतात. रेल्वेगाडी डोळ्यांसमोर आणली तर ही रचना लगेच कळते.

सगळ्यात पुढे इंजिन. पीएनजीच्या सुरुवातीचे ८ बाइट प्रत्येक फाइलमध्ये अगदी सारखे असतात : १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०. यातले दुसरा, तिसरा आणि चौथा म्हणजे 'पी', 'एन', 'जी' ही अक्षरं. बाकीचे पाचही हेतुपूर्वक निवडलेले आहेत. जुन्या काळी काही यंत्रणा फाइल पाठवताना तिला साधा मजकूर समजून ओळींच्या शेवटच्या खुणा बदलून टाकत. तसं झालं तर या ८ बाइटांतच बिघाड दिसतो आणि फाइल वाटेत खराब झाल्याचं लगेच कळतं. फाइलचं नाव बदलून शेवटी काहीही लिहिलं, तरी आतले हे ८ बाइट तिची खरी ओळख सांगतात.

इंजिनामागे डबे सुरू होतात. प्रत्येक डब्याची बांधणी एकच, चार भागांची :

पहिले ४ बाइट : डब्यातल्या मालाची लांबी.
पुढचे ४ बाइट : डब्याचं नाव, म्हणजे चार इंग्रजी अक्षरं.
त्यानंतर : प्रत्यक्ष माल, जितकी लांबी सांगितली तितका.
शेवटचे ४ बाइट : तपासणीचा आकडा. नाव आणि माल यांवरून गणित करून तो काढलेला असतो.

म्हणजे माल सोडून प्रत्येक डब्याचा स्वतःचा खर्च फक्त १२ बाइट.

पहिला डबा 'आयएचडीआर' हाच असावा लागतो. त्यात बरोबर १३ बाइट माल असतो : रुंदीसाठी ४, उंचीसाठी ४, आणि रंगांची खोली, रंगाचा प्रकार, आकुंचनाची पद्धत वगैरेंसाठी एकेक असे ५. समजा, स्क्रीनशॉट १०८० बाय २४०० पिक्सेलचा आहे. मग रुंदीचे चार बाइट असतील ०, ०, ४, ५६. चार गुणिले २५६ अधिक ५६ म्हणजे १०८०. उंचीचे असतील ०, ०, ९, ९६. नऊ गुणिले २५६ अधिक ९६ म्हणजे २४००.

मग येतात 'आयडॅट' डबे. खरं चित्र यांच्यात असतं, झिप फाइलमध्ये वापरतात त्याच पद्धतीने दाबून बसवलेलं. चित्र मोठं असेल तर ते अनेक आयडॅट डब्यांत विभागलेलं असतं आणि वाचणारं सॉफ्टवेअर ते सलग जोडून घेतं.

शेवटी 'आयएंड'. हा डबा रिकामा असतो. आपल्याकडे अनेक गाड्यांच्या शेवटच्या डब्याच्या पाठीवर मोठी फुली काढलेली असते. ती दिसली की गाडी पूर्ण आली, मागे काही सुटलं नाही, हे स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याला कळतं. आयएंड म्हणजे तीच फुली. ती दिसली की सॉफ्टवेअर वाचणं थांबवतं.

अनोळखी डबा आला तर?

या रचनेची खरी ताकद इथे आहे. प्रत्येक डब्यावर लांबी लिहिलेली असल्यामुळे सॉफ्टवेअरला आतलं काही कळलं नाही तरी चालतं. तेवढे बाइट ओलांडायचे आणि पुढच्या डब्याशी पोहोचायचं.

पीएनजीचा जन्म ज्या परिस्थितीत झाला, तिच्यात ही सोय आवश्यकच होती. १९९४च्या अखेरीस जीआयएफ फाइलमध्ये वापरल्या जाणाऱ्या आकुंचन पद्धतीच्या पेटंटसाठी शुल्क आकारलं जाणार असल्याचं जाहीर झालं. जानेवारी १९९५मध्ये थॉमस बूटेल यांनी पर्यायाचा प्रस्ताव मांडला आणि इंटरनेटवर एकत्र आलेल्या लोकांनी मिळून नवा प्रकार घडवला. १ ऑक्टोबर १९९६ रोजी डब्ल्यू३सी या वेबचे मापदंड ठरवणाऱ्या संस्थेने त्याला मान्यता दिली. पुढे कोण कोणता नवा डबा जोडेल, हे या मंडळींना माहीत नव्हतं. म्हणून त्यांनी डब्याच्या नावातच सूचना लपवून ठेवल्या.

नावातल्या चार अक्षरांपैकी प्रत्येक अक्षर कॅपिटल आहे की स्मॉल, याला अर्थ आहे.

पहिलं अक्षर कॅपिटल असेल तर डबा अत्यावश्यक, तो कळला नाही तर चित्र दाखवता येणार नाही. स्मॉल असेल तर डबा ऐच्छिक. दुसरं अक्षर कॅपिटल असेल तर डबा सार्वजनिक यादीतला. स्मॉल असेल तर कुणीतरी खासगी वापरासाठी बनवलेला. तिसरं अक्षर भविष्यासाठी राखीव, ते कॅपिटलच हवं.

चौथं अक्षर आपल्या गोष्टीसाठी सगळ्यात महत्त्वाचं. फोटो एडिट करणाऱ्या सॉफ्टवेअरला एखादा डबा ओळखता आला नाही तर काय करायचं, हे ते सांगतं. चौथं अक्षर स्मॉल असेल तर चित्र बदललं तरी डबा तसाच नव्या फाइलमध्ये न्यायला हरकत नाही. कॅपिटल असेल आणि चित्राचे अत्यावश्यक भाग बदलले असतील, तर तो डबा पुढे न्यायचा नाही. गाळून टाकायचा.

तीस वर्षांपूर्वी ठरलेला हा छोटा संकेत आज एआय लेबलच्या वाटेत उभा आहे.

एआयचं लेबल कोणत्या डब्यात?

फोटो कुठून आला, कोणत्या साधनाने बनला, नंतर त्यात काय बदल झाले, याची नोंद ठेवण्यासाठी सध्या सर्वाधिक पुढे असलेला मापदंड म्हणजे 'सी२पीए'. अ‍ॅडोबी, आर्म, बीबीसी, इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि ट्रूपिक यांनी फेब्रुवारी २०२१मध्ये तो पुढे नेण्यासाठी आघाडी स्थापन केली. 'कंटेंट क्रेडेन्शियल्स' या नावाने दिसणारी सोय याच मापदंडावर चालते. ओपनएआयने फेब्रुवारी २०२४पासून चॅटजीपीटीत तयार होणाऱ्या चित्रांमध्ये ही नोंद घालायला सुरुवात केली.

पीएनजी फाइलमध्ये ही नोंद ज्या डब्यात बसते त्याचं नाव सी-ए-बी-एक्स. पहिली दोन अक्षरं स्मॉल, शेवटची दोन कॅपिटल.

आता वरचा संकेत लावून हे नाव वाचा. पहिलं स्मॉल : ऐच्छिक, नसला तरी चित्र दिसतं. दुसरं स्मॉल : खासगी. तिसरं कॅपिटल : नियमाप्रमाणे. चौथं कॅपिटल : चित्र बदललं आणि हा डबा ओळखता आला नाही, तर गाळून टाका.

म्हणजे एआयचं लेबल ज्या डब्यात आहे त्याच्या पाठीवरच 'चित्र बदललं तर मला सोडून द्या' असं लिहिलेलं आहे.

ही चूक आहे का?

नाही, हे जाणीवपूर्वक ठरवलेलं आहे. कारण समजून घ्यायला डब्यातला माल पाहावा लागेल.

पीएनजीच्या प्रत्येक डब्याच्या शेवटी तपासणीचा आकडा असतो, पण तो फक्त अपघाताने झालेली मोडतोड ओळखण्यासाठी आहे. कुणी मुद्दाम माल बदलून नवा आकडा काढून लावला, तर सॉफ्टवेअरला संशय येणार नाही. सी२पीएची नोंद वेगळी आहे. तिच्यात फाइलच्या उरलेल्या बाइटांवरून काढलेला 'हॅश', म्हणजे एक प्रकारचा बोटाचा ठसा असतो. त्या नोंदीवर ती तयार करणाऱ्याची डिजिटल सही असते. चित्राचा एक पिक्सेल जरी बदलला, तरी ठसा जुळत नाही.

आता विचार करा. एखाद्या साध्या अ‍ॅपने फोटो क्रॉप केला आणि जुनी नोंद तशीच चिकटवून ठेवली, तर ती नोंद आता अस्तित्वात नसलेल्या चित्राबद्दल बोलत राहील. दस्तऐवज बदलून त्यावर जुनाच नोटरीचा शिक्का ठेवण्यासारखं ते होईल. त्यापेक्षा नोंद गेलेली बरी, असा हा विचार आहे.

सी२पीए समजणारं सॉफ्टवेअर वेगळं वागतं. ते नवी नोंद तयार करतं, तिच्यात 'मूळ चित्र हे होतं, मी ते क्रॉप केलं' असं लिहितं आणि जुनी नोंदही आत जपतं. म्हणजे साखळी टिकू शकते, पण एका अटीवर : वाटेतल्या प्रत्येक साधनाला ही भाषा यायला हवी. एक जरी अडाणी कडी आली, की साखळी तुटली.

मग लोकेशनची नोंद कशी टिकते?

कॅमेऱ्याची माहिती, वेळ आणि कधीकधी फोटो काढल्याची जागा ज्या 'एक्झिफ' नोंदीत असते, तिच्यासाठीही पीएनजीत डबा आहे. जून २०२५मध्ये आलेल्या पीएनजीच्या तिसऱ्या आवृत्तीत तो अधिकृतपणे मापदंडाचा भाग झाला. त्याच्या नावातली चार अक्षरं अशी : ई स्मॉल, एक्स कॅपिटल, आय कॅपिटल, एफ स्मॉल.

चौथं अक्षर स्मॉल. म्हणजे सॉफ्टवेअरला हा डबा कळो न कळो, तो पुढच्या फाइलमध्ये नेण्यास परवानगी आहे.

मजकुराच्या डब्यांचंही तेच. काही एआय साधनं चित्र बनवताना दिलेली सूचना, म्हणजे प्रॉम्प्ट, साध्या मजकुराच्या डब्यात लिहून ठेवतात. त्या डब्याचंही चौथं अक्षर स्मॉल आहे. त्यामुळे कुणी मूळ पीएनजी जशीच्या तशी पाठवली, तर त्याने एआयला नेमकं काय सांगितलं होतं तेही समोरच्याला वाचता येऊ शकतं. जाता जाता एक तपशील : मजकुराच्या सगळ्यात जुन्या डब्यात फक्त युरोपीय लिपीची अक्षरं बसतात. मराठीत काही लिहायचं तर त्यासाठी नंतर आलेला युनिकोडवाला डबा वापरावा लागतो.

अर्थात हे झालं फाइलच्या रचनेचं. सोशल मीडियावर फोटो चढवला की कंपन्या स्वतःच काय ठेवायचं, काय काढायचं ते ठरवतात.

सोशल मीडियावर चढवल्यावर काय होतं?

तुम्ही एखादा फोटो पोस्ट करता, तेव्हा तोच फोटो लोकांना दिसत नाही. प्लॅटफॉर्म तो उघडतो, आकार कमी करतो, पुन्हा दाबतो आणि बऱ्याचदा फाइलचा प्रकारही बदलतो. पीएनजीचं जेपीईजी झालं की जुन्या डब्यांचा प्रश्नच उरत नाही. जेपीईजीची आतली बांधणी वेगळी आहे. तिथे सी२पीएची नोंद वेगळ्या विभागात नव्याने बसवावी लागते. एमपी४ व्हिडिओतही पीएनजीसारखेच लांबी-नाव-माल असे डबे असतात, पण त्यांची नावं आणि नियम निराळे.

ओपनएआयने ही मर्यादा २०२४मध्येच मान्य केली होती. बहुतेक सोशल मीडिया प्लॅटफॉर्म अपलोड करताना मेटाडेटा काढून टाकतात आणि स्क्रीनशॉट घेतला तरी तो जातो, असं कंपनीने तेव्हाच सांगितलं होतं.

स्क्रीनशॉटचं कारण सोपं आहे. स्क्रीनशॉट म्हणजे जुन्या फाइलची नक्कल नाही. पडद्यावर दिसणाऱ्या पिक्सेलवरून बनवलेली ती कोरी नवी फाइल आहे. नवं इंजिन, नवे डबे. जुन्या गाडीतला एकही डबा तिला जोडलेला नसतो.

इथे प्लॅटफॉर्मना सरसकट दोषी ठरवणंही बरोबर नाही. मेटाडेटा काढण्यामागे वापरकर्त्यांची सुरक्षा हे मोठं कारण आहे. घरात काढलेला मुलांचा फोटो पोस्ट केला आणि त्यासोबत घराचे अक्षांश-रेखांशही जगाला मिळाले, तर ते कुणालाच नको असेल. त्यामुळे 'सगळं ठेवा' हा आदेश धोक्याचा आणि 'सगळं काढा' ही सवय नव्या नियमाच्या विरोधात जाणारी. कोणता डबा ठेवायचा आणि कोणता सोडायचा, हे आता निवडून ठरवावं लागणार आहे.

काढलेलं चुकून राहिलं तर? २०२३चा धडा

डब्यांची ही रचना उलट बाजूनेही घात करू शकते. मार्च २०२३मध्ये उघड झालेली 'अ‍ॅक्रॉपॅलिप्स' ही त्रुटी त्याचं ठळक उदाहरण आहे.

सायमन आरन्स आणि डेव्हिड ब्युकॅनन यांना गुगलच्या पिक्सेल फोनमधल्या 'मार्कअप' या साधनात एक दोष सापडला. स्क्रीनशॉट क्रॉप केला की नवी, छोटी फाइल जुन्या फाइलच्या जागी लिहिली जायची. पण जुनी फाइल आधी पुसली जात नव्हती. नवी फाइल सुरुवातीपासून लिहिली जायची आणि ती संपल्यावर जुन्या फाइलचा उरलेला भाग तसाच मागे राहायचा.

ज्यांनी कॅसेट वापरल्या आहेत त्यांना हे चटकन कळेल. ६० मिनिटांच्या रेकॉर्डिंगवर १० मिनिटांचं नवं गाणं रेकॉर्ड केलं, तर ते संपल्यावर जुना आवाज पुन्हा ऐकू येतो.

मग हे इतकी वर्षं कुणाच्या लक्षात का आलं नाही? कारण आयएंड, शेवटच्या डब्यावरची ती फुली. फोटो दाखवणारं प्रत्येक सॉफ्टवेअर फुली दिसताच थांबायचं. फुलीच्या मागेही डबे आहेत, हे कुणी पाहतच नव्हतं. चित्र अगदी व्यवस्थित क्रॉप झालेलं दिसायचं. पण ती फाइल ज्याच्या हाती पडेल, त्याला मागचा डेटा उलगडून क्रॉप केलेल्या चित्राचा काही भाग परत मिळवता यायचा.

क्रॉप करून लोक काय लपवतात? बँकेचे तपशील, फोन नंबर, पत्ता, चॅटमधली नावं. काही दिवसांतच विंडोज ११च्या 'स्निपिंग टूल'मध्ये आणि विंडोज १०च्या 'स्निप अँड स्केच'मध्येही असाच दोष असल्याचं समोर आलं. क्रॉप केलेलं चित्र मूळ फाइलवरच सेव्ह केलं तर तिथेही जुना डेटा मागे राहत होता. गुगल आणि मायक्रोसॉफ्ट या दोघांनी मार्च २०२३मध्ये दुरुस्ती दिली. पण दुरुस्तीचा उपयोग पुढच्या फोटोंना. आधी पाठवून झालेल्या फाइल जिथे होत्या तिथेच राहिल्या.

गंमत म्हणजे, इथे फोटो पुन्हा दाबणारे प्लॅटफॉर्म वापरकर्त्यांना तारक ठरले. ज्यांनी फोटो नव्याने तयार करून साठवला, त्यांच्याकडे मागचे डबे पोहोचलेच नाहीत. ज्या ठिकाणी फाइल जशीच्या तशी ठेवली गेली, तिथे धोका राहिला. एआयचं लेबल ज्या सवयीमुळे हरवतं, त्याच सवयीने इथे अनेकांची माहिती वाचवली.

लेबल टिकलं, पण चुकीचं लागलं तर?

हाही अनुभव घेऊन झाला आहे. मेटाने मे २०२४मध्ये फाइलमधल्या खुणा वाचून 'मेड विथ एआय' असं लेबल लावायला सुरुवात केली. लगेच फोटोग्राफरांच्या तक्रारी आल्या. कॅमेऱ्याने काढलेल्या खऱ्या फोटोतला एखादा नकोसा ठिपका एआयच्या मदतीने पुसला, तरी पूर्ण फोटो एआयचा असल्याचं लेबल लागत होतं. एडिटिंग सॉफ्टवेअरने फाइलमध्ये तशी नोंद केली होती आणि प्लॅटफॉर्मने ती वाचली होती. दोघांनीही आपापलं काम केलं, पण वाचकापर्यंत चुकीचा अर्थ गेला. जुलै २०२४मध्ये मेटाने लेबल बदलून 'एआय इन्फो' केलं.

भारताच्या नियमात रंग सुधारणं, आकार कमी करणं अशा नेहमीच्या एडिटिंगला प्रामाणिक वापर असेल तर सूट आहे. ती कोणत्या टप्प्यापर्यंत धरायची, हे अंमलबजावणीतच ठरत जाईल.

पर्याय काय आहेत?

एक मार्ग म्हणजे खूण डब्यात न ठेवता थेट चित्राच्या पिक्सेलमध्ये मिसळणं. गुगलचं 'सिंथआयडी' हे करतं. डोळ्यांना न कळणारे सूक्ष्म बदल पिक्सेलमध्ये पसरवलेले असतात. त्यामुळे फाइलचा प्रकार बदलला किंवा स्क्रीनशॉट घेतला, तरी खूण टिकण्याची शक्यता बरीच असते. मर्यादा दोन. चित्रात फार बदल केले तर खूण पुसट होते. आणि ती ओळखायला ती घालणाऱ्याचंच साधन लागतं. शिवाय तिच्यात फार माहिती मावत नाही. कोणी, केव्हा, काय बदललं याची सविस्तर नोंद डब्यातच ठेवावी लागते.

म्हणून दोन्ही एकत्र वापरण्याकडे कल वाढतो आहे. डबा हरवला तर पिक्सेलमधली खूण पाहायची आणि तिच्या आधारे हरवलेली नोंद सर्व्हरवरून शोधायची. भारतीय नियमातली 'मेटाडेटा किंवा दुसरी तांत्रिक खूण' ही शब्दरचना या दोन्ही मार्गांना वाव देते.

पण या कोणत्याही उपायाने एक पळवाट बंद होत नाही. स्वतःच्या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या खुल्या एआय मॉडेलमधून चित्र बनवणाऱ्याने नोंद घातलीच नाही, तर काढून टाकायला काही उरतच नाही. फसवणूक करणारा माणूस नेमका हाच रस्ता धरणार.

सामान्य वापरकर्त्याने काय लक्षात ठेवावं?

लेबल नाही म्हणजे फोटो खरा, असं समजू नका. लेबल असणं ही माहिती आहे. नसणं हा पुरावा नाही. नव्या नियमानंतर हा गैरसमज वाढण्याचा धोका जास्त आहे.

संशयास्पद फोटोची खातरजमा करायची असेल, तर फॉरवर्ड झालेली प्रत फारशी कामाची नाही. शक्य असेल तर मूळ फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेलं चित्र पुन्हा दाबलं जातं, तर डॉक्युमेंट म्हणून पाठवलेली फाइल आतल्या डब्यांसह जाते. अशी फाइल कंटेंट क्रेडेन्शियल्सच्या पडताळणी संकेतस्थळावर टाकून नोंद आहे का, ते पाहता येतं.

याच कारणासाठी स्वतःचे फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवताना विचार करा. त्यासोबत जागा आणि वेळही जाऊ शकते. कागदपत्रं, चॅट किंवा व्यवहाराचे स्क्रीनशॉट पाठवताना नको तो भाग झाकला असेल, तर झाकलेल्या चित्राचा पुन्हा एक स्क्रीनशॉट घ्या आणि तो पाठवा. नव्या फाइलमध्ये जुने डबे येत नाहीत.

आणि तक्रार करायची असेल, पोलिसांकडे किंवा प्लॅटफॉर्मकडे, तर स्क्रीनशॉटसोबत मूळ फाइलही जपून ठेवा. फोटो कुठून आला हे शोधायचा धागा तिच्यातच मिळू शकतो.

थोडक्यात, नियमाने 'कायमस्वरूपी' हा शब्द वापरला आहे. फाइलची रचना मात्र लेबलला तेवढं संरक्षण देत नाही. ते टिकवायचं तर एआय साधन, एडिटिंग अ‍ॅप, मेसेजिंग सेवा आणि सोशल मीडिया या प्रत्येक थांब्यावर कुणीतरी तो डबा ओळखून पुढच्या गाडीला जोडावा लागेल. तोपर्यंत लेबल दिसलं तर विश्वास ठेवा, पण दिसलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका.